आत्महत्येने माणूस गेल्यावर सोबत कुणाची: समोरासमोरचा गट, ऑनलाइन गट की एकच माणूस?

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. आत्महत्या हा शब्द आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने उच्चारत नाही, बाहेरच्यांना हार्ट अटॅक सांगितलंय. या सहा वर्षांत मी तिन्ही प्रकारची सोबत घेऊन बघितली, म्हणून आत्ता कुणी ठरवत असेल की आपण कुठे जावं तर त्याच्यासाठी लिहितेय.

आधी समोरासमोरचा गट. पुण्यात कनेक्टिंग ही संस्था हेल्पलाइन चालवते आणि मागे राहिलेल्यांसाठीही काम करते, सध्या काय चालू आहे ते फोन करून विचारून घ्या. मी ज्या गटात जायचे तिथे सुरुवातीलाच नियम सांगायचे, इथलं इथेच राहील, सल्ला द्यायचा नाही, 'कसं केलं' याचा तपशील काढायचा नाही, आणि बोलायचं नसेल तर नुसतं 'पुढे' म्हणायचं. पहिल्या दोन वेळा मी 'पुढे'च म्हटलं. तिसऱ्या वेळी बोलून गेले की मी दादाचा मोबाइल अजून दर महिन्याला रिचार्ज करते, तर कुणी दचकलं नाही, कुणी 'आता सोड गं' म्हटलं नाही, दोघांनी फक्त मान हलवली. तेराव्याला आलेल्या पन्नास माणसांनी 'तुम्हाला आधी काहीच कळलं नाही का?' असं विचारलं होतं, इथे ते एकदाही कुणी विचारलं नाही. (बाकीचे काय बोलले ते लिहिणार नाही, नियम आहे.) अडचण एवढीच की शहर लागतं, ठरलेला दिवस लागतो, आणि कुणी ओळखीचं भेटलं तर ही धाकधूक जाता जात नाही.

ऑनलाइन गटात ती धाकधूक कमी, कॅमेरा बंद ठेवता येतो, गाव कुठलंही चालतं. बंगळुरूच्या सुइसाइड प्रिव्हेन्शन इंडिया फाउंडेशनने असे गट चालवलेत, आणि मदुराईच्या नंदिनी मुरली यांनी २०१७ मध्ये नवरा असा गेल्यानंतर स्पीक नावाचं याच विषयावरचं काम उभं केलं. पण मी ज्या ऑनलाइन गटांत बसले तिथे सगळं इंग्लिशमध्ये, आणि ऑफिसात दिवसभर इंग्लिश बोलणारी मी, दादाबद्दल बोलायला लागले की वाक्यच तुटायचं, कारण त्याच्याशी भांडले मराठीत, शेवटचं बोललेही मराठीत. दुसरं म्हणजे घरात जागा पाहिजे, वन बीएचकेत सासूबाई पलीकडच्या खोलीत असताना कसं बोलणार, मी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून मीटिंग करायचे. आणि मीटिंग संपली की लॅपटॉप मिटला की एकदम एकटं. प्रत्यक्ष गटात निदान गाडीपर्यंत कुणीतरी सोबत चालत यायचं, खरं बोलणं कितीदा तिथेच व्हायचं.

अजून एक गोष्ट विचारून घ्या, गट खुला आहे की बंद. खुल्या गटात कुणीही कधीही येतं, त्यामुळे दोन वर्षं झालेल्या माणसासमोर आठ दिवसांपूर्वीचं दुःख येऊन बसतं, त्याचा त्रास होऊ शकतो. बंद गटात ठरावीक आठवडे तीच माणसं. अगदी ताज्या दुःखात मी गटापेक्षा एकच माणूस सुचवेन.

म्हणजे एकास एक. यातून गेलेलं, पण ज्याला जरा काळ लोटलाय असं कुणीतरी. शक्यतो नातं तेच बघा, आईला आई, बायकोला बायको, कारण वहिनीला सासरचे जे बोलले ते मला बहीण म्हणून कधीच ऐकावं लागलं नाही. धोका एकच, सगळा भार एकाच माणसावर पडतो, त्याचं स्वतःचं परत वर येतं, म्हणून 'आज जमेल का?' विचारूनच फोन करायचा.

गावाकडे चित्र वेगळं. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याची बायको मागे राहते तेव्हा रडायच्या आधी कागद येतात, सातबारा, कर्जाचा दाखला, सरकारी मदतीला पात्र की अपात्र, आणि पात्र ठरली तर १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तिथे तहसीलला सोबत येणारी दुसरी विधवा बाई हाच खरा आधार. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, हा अशा बायकांना एकत्र आणतो. २०२२ मध्ये एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांत महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या होत्या, देशात सगळ्यात जास्त, आणि मला मराठीत बोलता येईल असा गट मिळायला आठ महिने लागले, याचा मला आजही राग येतो.

यातलं काहीही उपचार नाही हे मात्र लक्षात ठेवा. झोप पूर्ण गेली असेल, किंवा आपणही जावं असं मनात येत असेल, तर गटाच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरकडेही जा.

मी स्वतः शेवटी समोरासमोरच्या गटातच राहिले. आईला मात्र तिकडे कधी नेलं नाही, चार माणसांत तिचं तोंडच उघडलं नसतं. तिला एक काकू मिळाल्या, त्यांची मुलगी गेलीये. त्यांना विचारूनच हे लिहितेय. दर गुरुवारी दुपारी दोघी फोनवर असतात, आणि त्या अर्ध्या तासात आई दादाचं नाव घेते.