जुना कॉम्प्युटर सुरू होईना: घरी खोलायचा, दुकानात द्यायचा की रिफर्बिश्ड घ्यायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं अडतीचं दुकान आहे, हळद आणि बेदाणा, आणि तिथला कॉम्प्युटर २०१३ चा, थर्ड जनरेशन आय३, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, सगळी टॅली त्यातच. महिनाभर झालं, सकाळी बटण दाबलं की कधी 'एफ वन दाबा' म्हणून काळी स्क्रीन, कधी विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत अर्धा तास, कधी काहीच नाही. एकाला दाखवला तर त्यानं न खोलताच सांगितलं मदरबोर्ड गेलाय, दुसरा कॉम्प्युटर घ्या. मामा म्हणाले, "लेका, हळदीचा सीझन तोंडावर आलाय, घेऊन टाकू का?" म्हटलं थांबा, आधी बघू तरी अडतंय कुठं.

कारण घरी, दुकान की दुसरा, हे मशीन किती जुनं आहे त्याच्यावर नाही, ते कुठं येऊन थांबतंय त्याच्यावर ठरतं.

बटण दाबून पंखासुद्धा फिरत नसेल तर आधी भिंतीतला स्विचबोर्ड, यूपीएस, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) मागचा बारका स्विच, हे बघा, हसू नका, माझा एकदा अर्धा दिवस त्या स्विचपायी गेलाय. हे सगळं ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर, आणि तो घरी खोलायचा नाही, वायर काढून ठेवली तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो. दुकानात दुसरा एसएमपीएस लावून पाच मिनिटांत कळतं, तिथं दुकानच बरं.

पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, बीप वाजतात, तर मात्र घरीच करा. वायर काढायची, रॅम काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं पुसायचे, क्लिक आवाज येईपर्यंत परत दाबायची. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघायची. ह्याच कामाचे मी पूर्वी तीनशे रुपये दिलेत, तेही हसत हसत.

तारीख दरवेळी मागं जात असेल आणि एफ वन मागत असेल तर बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपलाय, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडंसुद्धा मिळतो. मामांचा अर्धा आजार हाच निघाला, पन्नास रुपयांत. बोर्ड वगैरे काही गेलेला नव्हता.

आणि मशीन चालू होऊन दहा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर ते तापतंय. मामांचं साईडचं पॅनल काढलं तर आत कूलरच्या जाळीत हळदीचा असा थर, की मशीन आरेवाडीच्या जत्रेतनं भंडारा खेळून आलंय वाटावं. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीपण बदला.

राहिले ते गोल फिरणारे ठिपके. हार्डडिस्कला कान लावला तर टक टक ऐकू येतंय. इथं घरचा उत्साह महागात पडतो, कारण असल्या डिस्कवर परत परत चालू-बंद केलं की उरलासुरला डेटापण जातो. आणि दुकानातली सवय अशी की "विंडोज मारून देतो" म्हणत फॉरमॅट. तर दोन्हीकडं आधी एकच काम: डिस्क काढून यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला लावायची आणि टॅलीचं डेटा फोल्डर बाहेर काढायचं. दुकानात देताना हे वाक्य पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको.

आता पैशाचं. मी एकच बघतो, घेतलेला पार्ट उद्या हे मशीन मेलं तर काढून दुसऱ्यात बसेल का? साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी त्याच केबलवर लागणारी वेगवान डिस्क, बसते. साध्या मापाचा चांगला एसएमपीएस बऱ्याचदा बसतो. डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही, आणि जुन्या प्रोसेसरसाठी घेतलेला त्याच्या जोडीचा एच६१ मदरबोर्ड तर ह्या मशीनबरोबरच जाणार. म्हणून एसएसडीला हो, बोर्ड खरंच गेला असेल तर दुरुस्ती तिथंच थांबवा, कितीही स्वस्तात देतो म्हटलं तरी.

रिफर्बिश्डचं, म्हणजे वापरलेलं मशीन ठीकठाक करून परत विकतात त्याचं, आकर्षण मला कळतं, आजच्या आज काम सुरू होतं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार "आय५ आहे" एवढंच सांगतो, तुम्ही पुढचा आकडा विचारा. आय५-६५०० म्हणजे सहावी, आय५-८५०० म्हणजे आठवी. सहावी घेतली तर जुनं देऊन जुनंच आणलं. दुसरं, ऑफिसातनं निघालेले ते बारके डबे दिसायला छान, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा एसएमपीएस स्वतःच्याच मापाचा असतो, गेला की शोधत बसा. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलंय, तेव्हा सेकंडहँड काहीही घेताना पॅनल उघडायला लावा. बोर्डावर हिरवट-पांढरा गंज किंवा एसएमपीएसच्या जाळीत गाळ दिसला की नमस्कार करून बाहेर पडा. वॉरंटी बिलावर किती महिने लिहून देतोय तेही बघा, बिलच देत नसेल तर विषय संपला.

मामांनी शेवटी सेल आणि २५६ जीबीची एसएसडी एवढंच घेतलं. मशीन आता मिनिटभरात टॅलीवर येतं, बँकेचं काम मोबाईलवर, त्या मशीनला नेट बंद, आणि रोज संध्याकाळी डेटा पेनड्राईव्हवर. पुढच्या वर्षी आठव्या जनरेशनचा घेऊ तेव्हा हीच एसएसडी त्यात जाईल, फक्त विंडोज नव्यानं टाकावं लागेल, जुन्या बायोसवरचं (बोर्डावरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलेशन नव्या मशीनवर बऱ्याचदा उठत नाही, तेव्हा आत्ताच टॅलीचा सिरीयल नंबर वहीत लिहून ठेवायला सांगितलंय.