अनान्सी कोळी, सुंगुरा ससा की खरंखुरं रान: मुलांसाठी आधी काय घ्यावं?

मुलांना आफ्रिकेतल्या प्राण्यांच्या गोष्टी द्यायच्या ठरवलं की पहिली अडचण येते ती अशी, की 'आफ्रिकेच्या गोष्टी' असं एकच गाठोडं नसतं. घानातल्या अकान लोकांची अनान्सी कोळ्याची गोष्ट वेगळी, पूर्व किनाऱ्यावरची, स्वाहिली भाषेतली सुंगुरा सशाची गोष्ट वेगळी. शेजारी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या रानाच्या रंगीत फोटोंचं जाडजूड पुस्तक खुणावत असतंच.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि वाचून तुम्ही दाखवणार असाल, तर स्वाहिली गोष्टी घ्या. सुंगुरा म्हणजे ससा, फिसी म्हणजे तरस, सिंबा म्हणजे सिंह. हे शब्द मुलं पटकन उचलतात. केनियात सांगणारा 'पाउक्वा!' म्हणतो, ऐकणारे 'पाकावा!' म्हणून ओरडतात आणि मग गोष्ट सुरू होते. घरीही करून पाहा. शिवाय इथे ओळखीचं माकड भेटतं, काळीज झाडावर विसरून आलेलं. आपल्याकडे त्याला पाठीवर घेऊन जाते मगर, तिथे शार्क. सुटका झाल्यावर माकड शार्कला धोब्याच्या गाढवाची गोष्ट ऐकवतं, आणि स्वाहिलीत धोब्याला म्हणतात 'डोबी'. हा शब्द आपल्या बाजूनेच समुद्र ओलांडून तिकडे गेला. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

आठ-नऊ वर्षांपुढच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी मात्र माझं मत अनान्सीला. (कोळी म्हटल्यावर मासेवाला डोळ्यांसमोर येत असेल, तर आधी जाळं विणणारा कोळी दाखवा.) जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या, आणि अनान्सीला त्या हव्या असतात. किंमत ठरते: अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी, सगळे जिवंत पकडून आणायचे. अजगराला तो म्हणतो, तू या फांदीपेक्षा लांब की आखूड यावरून आमचं भांडण जुंपलंय. अजगर मापायला फांदीवर आडवा होतो आणि बांधला जातो. गांधीलमाश्यांवर पाणी शिंपडून तो सांगतो, पाऊस आला, या भोपळ्यात शिरा. युक्त्या सुचवते त्याची बायको आसो. पुस्तकातून आसोलाच गाळलं असेल तर ते पुस्तक घेऊ नका. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हाच अनान्सी जमैकात पोचला आणि तिथेही टिकला. मोठ्या मुलांना हे जरूर सांगावं. एक सावधगिरी: अनान्सी लबाड आहे, हावरट आहे, कधीकधी जिंकूनही तोंडघशी पडतो. दर गोष्टीतून आदर्श हवा असणाऱ्या घरात तो रुचणार नाही.

आता माहितीचं पुस्तक. लोककथांमुळे सगळ्यात जास्त अन्याय होतो तो तरसावर. गोष्टीत तो मूर्ख, अधाशी, उष्टं खाणारा. १९६० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या न्गोरोंगोरोत रात्रीच्या वेळी निरीक्षणं केली, तेव्हा दिसलं की ठिपकेदार तरस शिकार स्वतः करतात आणि कित्येकदा सिंहच ती बळकावतात. कळपात माद्यांचं राज्य असतं. आपल्याकडचा पट्टेरी तरस वेगळा, तो बराचसा एकटा हिंडतो. चांगल्या पुस्तकात हा फरक असतो. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे: आफ्रिकेच्या रानात पट्ट्यांचा वाघ रंगवला असेल तर पुस्तक परत ठेवा. तिथे वाघ नाही. आपल्या गावांत बिबट्यालाही वाघ म्हणतात, त्यामुळे मराठी अनुवादात ही गफलत सहज होऊ शकते.

पण हे पुस्तक गोष्टींनंतर आणा. फिसीला हसून झाल्यावर त्याची खरी हकीकत कळली, की मूल चमकून वर बघतं.

पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर अनान्सी घ्या. माकडाची गोष्ट तुम्हाला अर्धी येतेच. मगरीच्या जागी शार्क घाला आणि आज रात्रीच सांगा.