भंगारातला १२८×६४ ग्राफिक एलसीडी: पाठ बघून घ्यावा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपचा जुना कंट्रोल पॅनेल भंगारात निघाला की तांबे आणि कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारे विद्युत स्विच) आधी बाजूला काढले जातात. समोरचा एलसीडी बहुतेकदा प्लॅस्टिकच्या ढिगात पडतो. तो उचलण्यासारखा असतो. १२८×६४ ठिपक्यांचा, केएस०१०८ कंट्रोलरचा (काचेवरचे चित्र सांभाळणाऱ्या चिपचा) पॅनेल मिळाला तर तो आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर एका संध्याकाळी चालू होतो. बेळगाव-खानापूर भागात त्याचा खरा उपयोग असा, की एकाच काचेवर वर मराठी आणि खाली कन्नड ओळ देता येते. १६×२ च्या अक्षरी डिस्प्लेत स्वतः घडवलेली फक्त ८ अक्षरे बसतात, तीही ५×८ ठिपक्यांची. त्यात ‘मोटार चालू’सुद्धा धड उमटत नाही.

घेताना आधी पॅनेल उलटा करावा. पाठीवर तीन मोठे चिप किंवा तीन काळे डांबरी थेंब दिसले तर बहुधा काम जमले: दोन चिप प्रत्येकी ६४ स्तंभ चालवतात, तिसरा ओळी. केएस०१०८, एचडी६१२०२, एनटी७१०८ यांतले काहीही लिहिलेले असले तरी आज्ञा त्याच. एक मोठा चिप आणि शेजारी रॅम असेल तर तो टी६९६३सी असू शकतो. तोही चांगला, फक्त त्याची जोडणी आणि लायब्ररीतली (डिस्प्ले चालवणाऱ्या तयार कोडमधली) निवड वेगळी. मात्र पाठीवर नुसते ड्रायव्हर आणि कनेक्टरवर एफएलएम, सीएल१, सीएल२, एम अशी नावे असतील तर पॅनेल परत ठेवावा. त्यात कंट्रोलरच नसतो. चित्र सेकंदाला साठ-सत्तर वेळा आपणच भरवायचे, आणि ‘एम’चा सिग्नल थांबला तर काचेवर डीसी बसून द्रवस्फटिक कायमचा खराब होतो. कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग म्हणजे काच तडकलेली. तसला पॅनेल फुकटही नको.

रंगाबद्दल आमचे मत ठाम आहे: पिवळा-हिरवा घ्यावा, निळा-पांढरा नको. पिवळा-हिरवा उन्हात बॅकलाइटशिवाय वाचता येतो. शेतातल्या मोटारीच्या पेटीवर निळा दुपारी काहीच दाखवत नाही.

वीस पिनांचा क्रम सगळ्या पॅनेलांत सारखा नसतो, आणि सर्वाधिक पॅनेल इथेच मरतात. काहींत १ नंबरला ग्राउंड, काहींत १ नंबरला ५ व्होल्ट, तर काहींत पहिल्या दोन पिनाच सीएस१ आणि सीएस२ (डावा किंवा उजवा अर्ध निवडणाऱ्या). उलटा पुरवठा दिला की चिप क्षणात जातो. म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून जाड ट्रॅक आणि कपॅसिटरची ऋण बाजू कुठल्या पिनला जाते ते आधी शोधावे. पत्र्याची चौकट बऱ्याचदा ग्राउंडला जोडलेली असते, पण नेहमीच नाही.

मग फक्त ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्यावे, रीसेट पिन ५ व्होल्टला बांधावी आणि व्हीईई (ऋण दाबाची) पिन मोजावी. तिथे उणे ५ व्होल्ट किंवा त्याहून खाली दिसले तर पॅनेल ऋण दाब स्वतः बनवतो. १० किंवा २० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) ५ व्होल्ट आणि व्हीईई यांच्यामध्ये लावून मधला पाय व्हीओला (कॉन्ट्रास्टच्या पिनला) द्यावा. शून्य दिसले तर आयसीएल७६६० (ऋण दाब बनवणारा चिप) आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावून उणे ५ करावे. नवखे लोक कॉन्ट्रास्टचा पॉट ग्राउंडपर्यंतच नेतात, काच कोरी राहते आणि चांगला पॅनेल ‘मेला’ म्हणून फेकला जातो.

बॅकलाइटला थेट ५ व्होल्ट देऊ नये. जुने पिवळे-हिरवे एलईडी साधारण ४.२ व्होल्टवर चालतात आणि शेकडो मिलिअँपिअर ओढतात. ४७ ओहमपासून सुरुवात करून गरजेइतकेच खाली यावे. ऊनोच्या पिनवरून हा प्रवाह घेऊ नये.

जोडणीला १३ पिना लागतात: डेटाच्या ८, शिवाय ई, आरएस, सीएस१, सीएस२ आणि रीसेट. आर/डब्ल्यू (वाचायचे की लिहायचे ते ठरवणारी पिन) ग्राउंडला बांधावी. ऊनोच्या ० आणि १ या पिना सीरियलच्या आहेत, त्या सोडल्या तरी ५ उरतात. यू८जी२ लायब्ररी पॅनेलकडून काही वाचत नाही, त्यामुळे आर/डब्ल्यूची अडचण येत नाही. पूर्ण बफर (रॅममध्ये ठेवलेली चित्राची प्रत) १०२४ बाइट खातो आणि ऊनोत रॅम २०४८ आहे. सेन्सरची लायब्ररी जोडली की ओढाताण होते, तेव्हा १२८ बाइटचा पान-बफर निवडावा.

चालू केल्यावर काचेवर विस्कटलेले ठिपके दिसले तर घाबरू नये, कंट्रोलर जिवंत असल्याची ती खूण आहे. डावे-उजवे अर्ध उलटे आले तर सीएसच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात. दोन्ही अर्धांत एकच चित्र आले तर एक सीएस कायम चालू राहतोय. उभ्या रेषा गायब असतील तर दोष बहुतेकदा काच आणि पाटी यांच्यातल्या रबरी पट्टीचा. चौकटीचे पिळलेले पाय सरळ करून पट्टी आणि तिच्याखालचे तांबे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. खानापूरच्या पावसाळ्यात दमट गोदामात पडलेल्या पॅनेलला ही सफाई आधीच करून घ्यावी.

अक्षरांसाठी लायब्ररीवर विसंबू नये. ती जोडाक्षरे जुळवत नाही आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी न टाकता नंतर टाकते. संगणकावर पूर्ण वाक्य १६ ठिपके उंचीत, कडा मऊ न करता लिहावे आणि गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममधून एक्सबीएम (काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची फाइल) म्हणून काढावे. १२८×१६ ची एक ओळ २५६ बाइटची. मराठी-कन्नड मिळून २० संदेश जेमतेम ५ केबी होतात, आणि ते रॅममध्ये न ठेवता फ्लॅशमध्ये ठेवावेत.

बोअरच्या स्टार्टरशेजारी लावल्यास कॉन्टॅक्टर पडताना चित्र बिघडते. पॅनेलच्या पिनांवरच ०.१ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर द्यावेत, रिबन केबल वीतभर ठेवावी, आणि प्रोग्रॅममध्ये दर मिनिटाला डिस्प्ले पुन्हा सुरू करण्याची आज्ञा घालावी. थंडीत पहाटे अक्षरे फिकी पडतात, एप्रिलच्या उन्हात सगळी काच काळवंडते. म्हणून कॉन्ट्रास्टचा पॉट पेटीत बंद करू नये, बाहेरून स्क्रूड्रायव्हर पोचेल असे भोक ठेवावे.