गळकी न्हाणी: सगळी फोडायची की तेवढंच दुरुस्त करायचं?

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सांगलीत हल्ली दोन सल्ले मिळतात. टीव्हीवरचे कार्यक्रम बघणारे म्हणतात, स्लॅबपर्यंत सगळं उखडा. जुना गवंडी म्हणतो, आधी पाणी कुठनं येतंय ते बघू.

पहिल्या पद्धतीचा सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे टीव्हीवर घरं दुरुस्त करून दाखवणारे कॅनडाचे कंत्राटदार माइक होम्स. दुसऱ्यानं बिघडवलेलं काम ते सांगाड्यापर्यंत उघडतात. तिकडं त्यात तथ्य आहेच. लाकडी सांगाडा, वर जिप्सम बोर्ड. आत ओल राहिली तर बुरशी धरते, लाकूड कुजतं. शिवाय बोर्ड कापून काढणं सोपं. विश्रामबागेतल्या पंचवीस वर्षांच्या इमारतीत मात्र खाली आरसीसीचा सोडलेला, म्हणजे बाकी घरापेक्षा खाली घेतलेला स्लॅब, त्यावर वीटतुकड्यांचा कोबा आणि वर फरशी. इथं उघडायचं म्हणजे ब्रेकर लावायचा.

५ बाय ७ फुटांच्या न्हाणीत ९ इंच भराव धरला तर २६ घनफूट माल होतो. फोडल्यावर तो फुगतो. सिमेंटची ३०-३५ पोती राडारोडा जिन्यानं उतरवायचा, मग छोटा हत्ती. एवढं चालवून घेता येतं.

खरा वैताग जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांचा. त्यांचे आटे कित्येकदा गंजानंच धरलेले असतात. ब्रेकरचे हादरे बसले की भिंतीतला एखादा एल्बो (पाइपाचा वळणावरचा जोड) पाझरायला लागतो, आणि ते कळतं नव्या टाइल बसल्यावर. फरशीची गळती मिटवायला जावं आणि भिंतीत नवी ओढवून घ्यावी! माझ्यापुरतं पारडं इथंच फिरलं.

शोधून दुरुस्ती करायची तर क्रम चुकवू नये. दोन दिवस न्हाणी पूर्ण कोरडी ठेवा, नळांच्या लाइनीत पाणी मात्र राहू द्या. तरी खाली थेंब पडत असेल तर संशय त्या लाइनीवर. फरशीला हात लावू नका. थेंब थांबला, तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथनं जातं त्या जाळीखालच्या भांड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि २४ तास थांबा. खाली ओल उमटली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा कोपऱ्यांत. नाही उमटली, तर बोळा काढून चार-पाच बादल्या एकदम ओता. आता पाझरलं तर ट्रॅपचा जोड. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष तिथंच निघतो.

ट्रॅपसाठी भोवतालची फूटभर फरशी छिन्नी-हातोडीनं काढायची, ब्रेकरनं नाही. जोड नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणाऱ्या) ग्राउटनं भरायचा, वर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. सांध्यांचं काम असेल तर जुना ग्राउट निदान ३ मिलिमीटर खोल खरवडा, सांधे पुरते सुकवा, मग इपॉक्सी ग्राउट भरा. ते थोडं थोडं कालवावं. अख्खा डबा एकदम कालवला तर निम्मा माल हातातच घट्ट होतो. ओल्या सांध्यात भरलेलं इपॉक्सी नीट धरत नाही, आणि मग नाव मालाचं खराब होतं. जुन्या रंगाची फरशी बाजारात मिळत नाही; तेवढं ठिगळ दिसणार.

कोबाच पाणी पिऊन बसला असेल किंवा खालच्या स्लॅबची सळई गंजून प्लास्टर सुटत असेल, तर मात्र होम्स यांचीच वाट बरी, असं वाटतं. त्यातही फरशीआधी पाइप सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) करून घ्या, लाइनीची प्रेशर टेस्ट करा, आणि वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून खालच्यांचं छत बघितल्याशिवाय टाइलवाल्याला बोलावू नका.