बाथरूमला सॅटिन की मॅट? वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. भिंतींना सॅटिन (मंद चमकेचा रंग), छताला मॅट (बिनचमकेचा), दार-चौकटीला पाण्यात मिसळणारा सेमी-ग्लॉस इनॅमल (सॅटिनपेक्षा जास्त चमकेचा). रंगाची शेड मात्र शेड कार्ड पाहून ठरवू नका. ती तुमच्या टाइल्स आणि तुमचा दिवा ठरवतो. रंग लावून वर्ष होत आलंय आणि या दोन्ही बाबतींत माझं मत आता पक्कं झालंय.

आमच्याकडे दोन बाथरूम आहेत. मोठ्याला खिडकी आहे, खांद्याच्या उंचीपर्यंत टाइल्स आणि त्यावर रंग. तिथे सगळ्या भिंती सॅटिन. छोट्याला खिडकीच नाही, एक एक्झॉस्ट फॅन आहे, टाइल्स फक्त शॉवरच्या कोपऱ्यात. बाकी सगळी भिंत रंगाची, त्यामुळे रंगाची खरी परीक्षा तिथेच. त्या छोट्या बाथरूममध्ये बेसिनमागची भिंत सॅटिन केली आणि उरलेल्या ‘धुता येणाऱ्या’ मॅटमध्ये. शेड एकच, कंपनी एकच, खाली प्रायमर तोच, वर दोन हात. हवाही अर्थात तीच. त्यामुळे तुलना करायला चांगलीच सोय झाली.

मॅट मुळात का निवडला, तर त्या भिंतींना लाटा आहेत. रंगारी दादांनी बॅटरी भिंतीला टेकवून तिरपा उजेड पाडून दाखवला, तेव्हा पुट्टीचा प्रत्येक पट्टा दिसत होता. चमक जितकी जास्त तितका भिंतीचा दोष जास्त दिसतो, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मोठ्या बाथरूममध्ये सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येतं तेव्हा सॅटिनच्या भिंतीवर पॉलिश पेपर नीट न फिरलेली जागा आजही ओळखू येते. मॅट भिंती तेवढ्याच वाकड्या असून सपाट वाटतात. दिसण्याच्या बाबतीत मॅटला तोड नाही, हे मान्य.

पण बाथरूमची भिंत नुसती बघायची नसते. तिला ओले हात लागतात, टॉवेल घासतो, टूथपेस्टचे शिंतोडे उडतात, आणि मग कोणीतरी ते पुसतं. मॅटची अडचण इथून सुरू होते. मॅट रंगात चिकटवणारं बाइंडर कमी असतं आणि रंगद्रव्य व भुकटी जास्त. त्यामुळे सुकल्यावर पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत होतो, उजेड सगळीकडे विखुरतो आणि चमक दिसत नाही. त्याच खडबडीतपणात साबणाची राप आणि हाताचं तेल अडकून बसतं. सॅटिनमध्ये बाइंडर जास्त, पापुद्रा एकसंध, म्हणून डाग वरवर राहतो आणि ओल्या फडक्याने निघतो.

‘धुता येणारा मॅट’ खरंच धुता येतो का? येतो. डाग निघतो, रंग फडक्याला लागत नाही. पण घासलेली जागा चमकायला लागते. आमच्या छोट्या बाथरूममध्ये स्विचबोर्डभोवती आता तळहाताएवढा गुळगुळीत, चकाकणारा पट्टा तयार झालाय. समोरून पाहिलं तर काही नाही, पण दारातून आत येताना, दिवा लागलेला असताना, तो पहिला नजरेत भरतो. टॉवेलच्या दांडीखालीही तसाच एक. डाग गेला पण घासल्याची खूण राहिली, अशी ही गत. त्याच खोलीत बेसिनमागची सॅटिन भिंत रोज शिंतोडे झेलते, दर दोन-चार दिवसांनी पुसली जाते, आणि ती जशीच्या तशी आहे.

काही डब्यांवर ईएन १३३०० या युरोपीय मानकाचा वर्ग लिहिलेला असतो. तो दिसला तर जरूर बघा, कारण ‘सुपर वॉशेबल’ वगैरे शब्दांपेक्षा त्याला अर्थ आहे. या चाचणीत रंगाचा सुकलेला थर ओला ठेवून २०० वेळा घासतात आणि तो किती झिजला हे मोजतात. ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी झिजला तर वर्ग १, ५ ते २० मायक्रॉन झिजला तर वर्ग २. वर्ग ५ म्हणजे ४० वेळा घासल्यावरच ७० मायक्रॉन किंवा जास्त गेला. म्हणजे तो पुसायचा रंगच नव्हे, फक्त बघायचा. बाथरूमला वर्ग १ घ्यावा, फार तर २. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की ही चाचणी झीज मोजते, चमक आली की नाही हे ती सांगत नाही. आमचा मॅट वर्ग १ चाच आहे, तरी स्विचबोर्डपाशी चकाकतोय.

आता त्या तपकिरी ओघळांबद्दल, कारण यावरून अनेक जण विनाकारण घाबरतात. रंग लावून थोडेच दिवस झाले होते. गरम पाण्याच्या लांबलचक आंघोळीनंतर मोठ्या बाथरूममध्ये छताच्या जरा खाली भिंतीवर मधाच्या थेंबासारखे पिवळट-तपकिरी, चिकट ओघळ दिसले. घरात लगेच निदान झालं, वरून गळतंय. गळत नव्हतं. पाण्यात मिसळणाऱ्या रंगात साबणासारखी काही द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे रंगद्रव्य पाण्यात नीट मिसळून राहतं. रंग हाताला दोन-तीन तासांत सुका लागतो, पण पापुद्रा आतून पक्का व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तेवढ्यात वाफ बसली की ही द्रव्यं पाण्याबरोबर वर येतात आणि ओघळतात. कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच लागतं. पुसल्यावर पुढच्या काही आंघोळींना परत आले, मग कायमचे बंद झाले. रंगाचं त्यात काही बिघडलं नाही. शक्य असेल तर पहिले काही दिवस दुसरं बाथरूम वापरा. नसेल शक्य तर आंघोळ आटोपती घ्या आणि दार उघडं टाका. ओघळ तसेच सुकू दिले तर मात्र काढायला त्रास होतो.

बुरशीबद्दल डब्यांवर फार मोठ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. रंगात बुरशीनाशक असतं हे खरं, ते रंगाचा पापुद्रा वाचवतं हेही खरं. पण भिंतीवर साबणाचा आणि धुळीचा थर जमला की बुरशी त्या थरावर वाढते, तिला रंगाशी देणंघेणं नसतं. आमच्या छोट्या बाथरूममध्ये शॉवरसमोरच्या कोपऱ्यात, छताजवळ, मॅट भिंतीवर काळे ठिपके आले. गणित साधं आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंश किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. बाहेरच्या भिंतीचा कोपरा बहुतेक वेळा तेवढा थंड असतोच. त्यावर सॅटिन लावा नाहीतर ग्लॉस, पाणी धरायचं थांबत नाही. आंघोळ झाल्यावरही पंखा चांगला अर्धा तास चालू ठेवायला लागलो, दाराखाली हवेला फट ठेवली, तेव्हा ठिपके वाढायचे थांबले. आधी आलेले ठिपके पातळ केलेल्या ब्लीचने गेले. (ब्लीच वापरत असाल तर त्याच दिवशी टाइल्स धुण्याचं ॲसिड वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.) ठिपके गेले खरे, पण मॅट भिंतीवर घासल्याची चमक तिथेही राहिलीच.

छताची गोष्ट वेगळी. छताला कोणी हात लावत नाही, पुसायची वेळ क्वचित येते, आणि दिवा छताच्या अगदी जवळ असल्याने तिथला खडबडीतपणा सगळ्यात जास्त दिसतो. म्हणून छताला मॅटच, फक्त साधा नको, दमट जागेसाठीचा घ्या. दोन्ही बाथरूमची छतं आजही नव्यासारखी आहेत.

दार-चौकटीबद्दल थोडक्यात. पांढरा ऑइल पेंट घेऊ नका. तो उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळा पडतो, आणि बिनखिडकीच्या बाथरूमचं दार आतून सतत अंधारातच असतं. पाण्यात मिसळणारा इनॅमल पांढरा राहतो. सुरुवातीचे काही दिवस दार चौकटीला चिकटतं, तेवढं सांभाळा, नाहीतर उघडताना रंगाचा पापुद्रा सोलून निघतो.

आता शेड. मोठ्या बाथरूममध्ये राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा आहे, छोट्यात उबदार ऑफ-व्हाइट. कार्डावर दोन्ही सुंदर होते. छोट्यातल्या टाइल्स निळसर पांढऱ्या. त्यांच्या शेजारी ऑफ-व्हाइट गेला आणि भिंत जुनाट, पिवळी पडल्यासारखी दिसायला लागली. ऑफ-व्हाइटमध्ये वाईट काही नाही, क्रीम टाइल्सजवळ तो छानच दिसला असता. पांढऱ्याला पांढरा जुळवणं हे गडद रंग जुळवण्याहून कठीण असतं, कारण थोडासाही फरक मळल्यासारखा भासतो. टाइल थंड असेल तर भिंत एकतर त्याच झाकेची घ्या, नाहीतर सरळ वेगळाच रंग घ्या. मधलं काही नको.

दिव्याने तर कमालच केली. छोट्या बाथरूममध्ये आधी ६५०० केल्विनचा पांढराफेक एलईडी होता (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळसर). त्यात ऑफ-व्हाइट भिंत करडी दिसायची आणि आरशातला चेहरा आजारी. ४००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा दिवा लावला आणि तीच भिंत माणसात आली. टाइल्सजवळचा पिवळेपणाही बराच मिटला. २७०० केल्विनचाही लावून पाहिला, त्यात सगळंच पिवळं. म्हणून आधी दिवा पक्का करा, मग शेड. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दुकानातल्या उजेडात किंवा गच्चीवर उन्हात पाहिलेल्या शेडला काडीचाही अर्थ नाही.

हिरव्याबद्दल एक सावधगिरी. भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर पडतो. आरशासमोरची भिंत हिरवी असेल तर त्वचा जरा निस्तेज दिसते. आमची शेड राखाडीकडे झुकलेली असल्याने निभावलं, गडद पोपटी असती तर दाढी करताना, मेकअप करताना रोज चिडचिड झाली असती. फिकट पीच किंवा गुलाबी छटा आरशासमोर चेहऱ्याला न्याय देतात, मला स्वतःला त्या आवडत नसल्या तरी.

गडद निळा, काळपट हिरवा वगैरे बाथरूमचे फोटो पाहून मोहात पडणाऱ्यांसाठी: पाण्यात क्षार असतील तर प्रत्येक थेंब सुकल्यावर गडद भिंतीवर पांढरा ओघळ सोडतो. शिवाय गडद शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं आणि रंगाची पेस्ट भरपूर असते, त्यामुळे घासल्याच्या खुणा तिथे अधिकच उठून दिसतात. अगदी पांढऱ्या भिंतीवर उलटं, केसांचा रंग आणि गंजाचे डाग ओरडतात. आमचा मधला राखाडी-हिरवा दोन्ही लपवतो. ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

एक गंमत अशी की छोट्या बाथरूममध्ये एकाच शेडची सॅटिन भिंत मॅट भिंतीपेक्षा किंचित गडद दिसते. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम दोन छटा घेतल्यात. मॅट पृष्ठभाग उजेड विखुरतो म्हणून रंग फिका भासतो. तेव्हा नमुना घेताना शेडचाच नाही, त्याच फिनिशचा घ्या. कार्डबोर्डच्या मोठ्या तुकड्यावर दोन हात मारा आणि टाइल्सला टेकवून सकाळी, रात्री दोन्ही वेळा बघा.

सॅटिनचीही एक खोड आहे. टच-अप जमत नाही. खिळा काढून भोक बुजवलं, त्याच डब्यातला रंग लावला, तरी तेवढा ठिपका वेगळा चमकतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत परत रंगवावी लागते. मॅटमध्ये तोच ठिपका गायब होतो. तेव्हा आरसा, दांडी, कपाट कुठे लागणार ते सॅटिन लावण्याआधीच ठरवा, आणि शिल्लक रंगाचा डबा झाकण घट्ट लावून, शेड क्रमांक लिहून ठेवा.

छोट्या बाथरूममधल्या मॅट भिंती आता आम्ही सॅटिन करतोय. जुना थर घट्ट आहे, कुठे पोपडे नाहीत, त्यामुळे परत प्रायमर लागणार नाही. आधी साबणाची राप धुऊन काढायची, नाहीतर नवा रंग धरत नाही. मग पूर्ण सुकू द्यायचं, २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, धूळ पुसायची आणि दोन हात. लाटा दिसणार, त्याची तयारी ठेवलीय. रंगारी दादा म्हणतात शॉवरसमोरच्या भिंतीला पुट्टीचा अजून एक हात देऊ, तेवढं ऐकणार आहे.