धान्य द्यावं की पैसे?

यवतमाळ, वर्ध्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना पूर्वी रेशन दुकानात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायचं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे आले, माणशी महिन्याला १५० रुपये, पुढे १७०.

पैशांत सोय आहेच. मशीनवर अंगठा उठला नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतावं लागत नाही. पण किराण्यात गव्हाचा भाव चढला की तेवढ्याच पैशांत पिशवी हलकी होते. बँक तालुक्याला असली तर येण्याजाण्याचं भाडंही त्यातूनच. आणि पेरणीच्या दिवसांत हातात आलेला पैसा कृषी केंद्राच्या उधारीत जातो. घरात आलेला गहू मात्र दळलाच जातो. निदान कापूस निघेपर्यंत तरी धान्यच द्यावं.