रेडिओ बटन की ड्रॉपडाउन?

नाशिकच्या पंचवटी मार्केट यार्डात संगणकावर आडत्याची पट्टी (शेतमाल विक्रीचा हिशेब) करताना पैसे देण्याचा प्रकार निवडायचा असतो: रोख, चेक, ऑनलाइन. इथे रेडिओ बटनच हवं, म्हणजे प्रत्येक पर्यायापुढे निवडायचं एक गोल बटन. तिन्ही पर्याय समोर, एका क्लिकमध्ये काम. ड्रॉपडाउन म्हणजे मिटलेली यादी: आधी उघडा, मग निवडा. लिलावाच्या गर्दीत ती जास्तीची क्लिक जाचते.

तालुक्याचं मात्र उलट. जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची बटनं मांडली तर डायलॉग बॉक्सच (माहिती भरायची चौकट) भरून जाईल. तिथे ड्रॉपडाउन बरा. पण एक धोका आहे. त्यावर फोकस राहिला (म्हणजे निवडीनंतरही तोच रकाना चालू राहिला) आणि माउसचं चाक फिरलं, की विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये निवड न सांगता बदलते. येवल्याच्या शेतकऱ्याची पट्टी सिन्नरच्या खात्यात! निवड झाल्यावर फोकस पुढच्या रकान्यात न्यायची सोय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने द्यायलाच हवी.